पांढऱ्या पेशींची वाट

सुखदा फोनवर आईला सांगत होती, की ती ऑफिसात आहे, आता मीटिंग सुरू होईल, संध्याकाळी बोलू. फोन ठेवून तिनं मान वर केली, तर समोरच्या खुर्चीतला माणूस हसू दाबत होता.

"मीटिंगला आपण दोघंच दिसतोय," तो म्हणाला... आणि तेही मराठीत.

बंगळुरातल्या एका हॉस्पिटलच्या तळघरातली ती खोली होती. दारावर किरणोत्साराची पिवळी खूण, आत चार खुर्च्या, त्याही एकमेकींपासून लांब लांब मांडलेल्या. नातेवाइकांना आत यायला बंदी. सुखदाचे कान तापले. खोटं पकडलं गेलं होतं, तेही अनोळखी माणसाकडून. पण सकाळपासून तिच्याशी इतकं साधं, हसून कुणी बोललंच नव्हतं.

तो महांतेश. मूळचा चिकोडीकडचा, घरात मराठी, शाळेत कन्नड. आता चामराजपेटमध्ये बहिणीकडे राहायचा आणि मेट्रो चालवायचा. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीपर्यंत चालवायचा. रोज दुपारी अंगात बारीक ताप भरायचा, वजन उतरत चाललं होतं, आणि इतक्या तपासण्या होऊनही कशातच काही सापडत नव्हतं. ताप आहे तोवर त्याला गाडीवर कोण पाठवणार?

सुखदा नागपूरची, व्हाइटफील्डला एका कंपनीत कामाला, राहायला के. आर. पुरमला. स्कूटरवरून पडून डावी नडगी मोडली तेव्हा हाडात रॉड घातला होता. हाड जुळलंही होतं. पण आता तीच नडगी आतून ठणकायला लागली होती. हाडापर्यंत जंतू पोचलेत का, ते बघायचं होतं.

दोघांची तपासणी एकच. डॉक्टर पद्मावतींनी सकाळी दोघांनाही तेच समजावलं होतं. तुमचं रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना किरणोत्सारी औषधाची बारीकशी खूण लावायची आणि पुन्हा तुमच्याच शिरेत सोडून द्यायच्या. पेशी रक्ताबरोबर धावत राहतात. जिथे सूज असते तिथली रक्तवाहिनी आतून चिकट होते. पेशी तिथे मंदावतात, भिंतीला घासत घरंगळतात, थांबतात आणि फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. दुखऱ्या जागी अशा हजारो जमल्या, की कॅमेऱ्यात तिथे ठिपका उजळतो.

"ठिपका दिसू नये एवढंच मागतेय मी," सुखदा म्हणाली.

"मी उलटं मागतोय की," महांतेश म्हणाला. "कुठं तरी दिसू दे. नाहीच दिसला तर घरी जाऊन काय सांगू?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. घाबरलेला माणूस इतक्या शांतपणे बोलू शकतो... मग तिला दिसलं, की त्याचे दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरलेत. तिनंही तेच केलं होतं.

पहिल्या फोटोत दोघांचंही काही ठरलं नाही. पेशी अजून फुप्फुसांत, प्लीहेत रेंगाळत होत्या. दुपारी सुखदाला पुन्हा मशीनखाली झोपवलं. तिनं डोळे मिटून घ्यायचं ठरवलं होतं, पण उठताना नजर पडद्यावर गेलीच. डाव्या पायाच्या काळोखात एक फिकट पट्टा होता. सकाळी तो नव्हता.

ती खोलीत परतली तेव्हा तिचे दात एकमेकांवर वाजत होते. महांतेशनं आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून उद्यापर्यंत लांब राहा, असं दोघांनाही सांगितलेलं. त्याच्या बहिणीला सातवा महिना होता, आणि सुखदाच्या घरमालकिणीचा नातू दार उघडताच तिच्या पायांना मिठी मारायचा.

"इतक्यात घरी जाऊन तुम्हाला चालायचं नाही, मलाही नाही," तो म्हणाला. "कॉफी घेऊया स्वल्प?"

आवारातल्या झाडाखालच्या बाकावर ते संध्याकाळपर्यंत बसले. भुरभुर पाऊस येत-जात होता. त्यानं बोगद्यात गाडी चालवताना काय दिसतं ते सांगितलं. तिनं अपघात सांगितला, जो तिनं कुणालाच नीट सांगितला नव्हता. मध्येच ती म्हणाली, "आपल्या पेशींची अदलाबदल झाली असती तर?"

"तर माझ्या अंगात शिरून त्या तुमचा पाय शोधत बसल्या असत्या."

ती हसली. आणि हसता हसता रडायला लागली. त्यानं आपला रुमाल बाकावर, दोघांच्या मधोमध ठेवला... आणि नजर दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी निकाल आले. पद्मावतींनी सुखदाला खुर्ची ओढून शेजारी बसवलं, तेव्हाच तिला कळलं. रॉडभोवती जंतू होते. रॉड काढावा लागेल, हाड खरवडून साफ करावं लागेल. किती हाड वाचेल ते उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि पाय? "बहुतेक वाचेल," पद्मावती म्हणाल्या. सुखदाला फक्त 'बहुतेक' ऐकू आलं.

ती बाहेर आली, तर समोरून महांतेश येत होता. पाठीच्या कण्याशेजारच्या स्नायूत त्याचा ठिपका सापडला होता. आत पू साचला होता, नळी घालून काढता येणार होता. त्याचा चेहरा असा उजळला होता, की सुखदाला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला. तिचा चेहरा पाहताच त्याचं हसू मावळलं. तो काही बोलायच्या आत ती लंगडत रिक्षाकडे निघून गेली.

बाकावर बसल्या बसल्या दोघांनी नंबर दिले-घेतले होते; त्याचे फोन येत राहिले. तिनं घेतले नाहीत. काय बोलणार होती? उद्या एका पायावर उभं राहायची वेळ आली तर कुणाची दया नको होती तिला. त्याची तर मुळीच नको होती. त्याचीच का नको, हे मात्र ती स्वतःला विचारत नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी हिरवा गाऊन घालून ती वॉर्डात पडली होती. आईला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. आई नागपूरहून निघाली होती, पण पोचायला संध्याकाळ होणार होती. शेजारच्या पलंगावर एक बाई कन्नडमध्ये हळू आवाजात देवाचं नाव घेत होती. सुखदाची बोटं बर्फासारखी झाली होती. तिनं फोन उचलला आणि लिहिलं, "कुठे आहेस?"

उत्तर लगेच आलं. "तिसऱ्या मजल्यावर. तू?"

"दुसऱ्या. मला न्यायला येतील आता."

तो जिन्यानं आला. कमरेतून नळी निघालेली, पूची पिशवी हातात, चेहरा दुखण्यानं पांढरा पडलेला. त्याच्या मागून एक सिस्टर ओरडत येत होती.

"तू हसत होतास त्या दिवशी," सुखदा म्हणाली. तिला हे बोलायचं नव्हतं.

"होय," तो म्हणाला. "आणि तुझं तोंड बघितलं तेव्हा वाटलं, माझा फोटो कोरा निघायला हवा होता. नंतर वाटलं, हा काय येडेपणा. माझा कोरा निघून तुझा पाय थोडाच बरा होणार आहे? सुखदा, मला फार भीती वाटूलीय. माझ्यासाठी नाही... तुझ्यासाठी."

तिनं हात पुढे केला. त्याचा तळवा अजून तापानं गरम होता. स्ट्रेचर आलं, तेव्हा तिला न्यायला आलेल्या माणसांना तिची बोटं सोडवावी लागली.

गुंगी उतरली तेव्हा आधी डोक्यावरचा पांढरा दिवा दिसला. मग कळलं, की कमरेखाली काहीच जाणवत नाही. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर असंच होतं, हे तिला सांगितलेलं होतं. तरी पांघरुणाकडे बघायचा धीर होईना. खुर्चीत महांतेश बसला होता, पिशवी मांडीवर ठेवून.

"मी बघू?" त्यानं विचारलं.

तिनं डोळे मिटले. "बघ."

पांघरुणाचं टोक उचलल्याचा आवाज आला.

"महांतेश... बोल ना."

"आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "दोन्ही आहेत. डॉक्टर येऊन सांगून गेल्या, हाड आतून चांगलं निघालं. औषधं फार दिवस घ्यावी लागणार. नखांचा रंग काय आहे गं हा?"

"वांगी," ती म्हणाली, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलं.

तो तिथेच बसून राहिला. त्यानं तिच्या अंगठ्यावर बोट ठेवलं होतं. भूल उतरेपर्यंत तो दर थोड्या वेळानं विचारायचा, कळतंय का? आणि ती सांगायची, नाही. वर आपल्या पलंगावर जायला सांगून सिस्टर दोनदा रागावून गेली. मग एकदा, त्यानं विचारायच्या आधीच, कुठूनतरी फार लांबून एक ऊबदार टोचणी आली.

"कळतंय," सुखदा म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. खांदे हलत होते. जरा सावरल्यावर तो म्हणाला, "तुला एक विचारायचं आहे. बरी झालीस की विचारतो."

"आत्ताच विचार," ती म्हणाली. "मी हो म्हणणार आहे."