हरवलेले सात निवाडे

सकाळी दहाला ॲडव्होकेट तनुजा पाथ्रीकर सुकेशनीताईंच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. अजिनाथनं तेवढंच पाहिलं.

"बसू नका, चालता चालता सांगा," ताई म्हणाल्या. "कोर्टात आजच उभं राहायचंय ना?"

"अडीच वाजता. कसं ओळखलंत?"

"गळ्याला पांढरा बँड लावून कुणी भाजी आणायला निघत नाही."

गारखेड्यातच, तीन गल्ल्या पलीकडं तनुजाताईंचं ऑफिस. खासगी तपासाचं काम करणाऱ्या सुकेशनीताई भरभर चालत. बारा वर्षं टेम्पो चालवून त्यांच्याकडं लागलेला अजिनाथ मागून धापा टाकत येई.

हकिगत अशी. देवगाव रंगारीच्या बानाबाईंची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेनं तळ्यावर जात, तिथं नव्या शेतमालकानं तारेचं कुंपण घातलं होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष; पंचक्रोशीत पाणी त्या एकाच तळ्यात. आज मनाई हुकूम मिळाला नाही, तर कळप विकण्यावाचून बानाबाईंना गत्यंतर नव्हतं. सगळी भिस्त सात जुन्या निवाड्यांवर होती, आणि ते काल सॉफ्टवेअरमधून नाहीसे झाले होते.

"निवाडे ठेवायला सॉफ्टवेअर?" अजिनाथनं विचारलं.

"पूर्वी वकील वहीत टिपून ठेवायचे, कुठल्या कोर्टानं कधी काय ठरवलं ते. आता तेच कॉम्प्युटरमध्ये. साल, पान, कामाचा परिच्छेद आणि प्रत. शब्द टाकला की निवाडा समोर. या सातांतले दोन निजामाच्या काळातले, उर्दूतले. भाषांतराला तीन महिने लागले. मूळ कागद ज्यांचे होते ते घेऊन गेले. कंपनीचा माणूस येणार उद्या."

"बदल कुणी केला, ते दिसत असेल," ताई म्हणाल्या.

"काल सायंकाळी पाच वाजून बारा मिनिटं. सुदर्शनच्या नावानं. माझा ज्युनिअर. हल्ली समोरच्या वकिलांकडं त्याच्या फेऱ्या वाढल्यात म्हणे."

"ऑफिसात सांगितलंत?"

"कुणीतरी काहीतरी पुसलंय, एवढंच. काय गेलं ते सुदर्शनलाच ठाऊक, आणि त्यालाही गप्प बसायला सांगितलंय. चोर सावध व्हायला नको."

ऑफिसच्या बाकावर बानाबाई बसल्या होत्या. त्यांनी अजिनाथला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोणच्या गावचा रं तू?"

"वैजापूरकडचा, मावशे."

"मंग तुला कळंल. ह्या पोरींना सांग, मेंढरू बाटलीनं पाणी पीत नाय."

आत सुदर्शन लालबुंद चेहऱ्यानं कॉम्प्युटरपुढं बसला होता.

"पाचला टँकर आला," तो म्हणाला. "नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. टँकरचा हॉर्न ऐकून कोण बसून राहील? होतो तसा खाली पळालो. कॉम्प्युटर चालूच राहिला."

"यात एकूण निवाडे किती?"

"दोन हजार तीनशे सोळा. एकेक मी भरलाय. शेवटचा सोमवारी."

अजिनाथ स्क्रीनकडं वाकला. खालच्या कोपऱ्यात एकूण नोंदींचा आकडा होता. "दोन हजार तीनशे सोळा. बरोबर सांगतोय, ताई."

ताईंनी त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं. का, ते त्याला कळलं नाही.

सुदर्शननं 'मेंढरांची वाट' असं टाकून दाखवलं. काही सापडलं नाही.

टायपिस्ट योगिनी विचारायच्या आधीच बोलू लागली. "मी सुदर्शनभाऊंसोबत खालीच होते. ह्यांच्या हातून पाइप सुटला, मी नखशिखांत भिजले. मग जे भांडण झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलंय. विचारा कुणालाही."

राहिले मुन्शी आप्पासाहेब. तनुजाताईंच्या वडिलांपासून चाळीस वर्षं इथंच. कॉम्प्युटर शिकले ते यंदाच्या हिवाळ्यात, योगिनीकडून.

"काल पाच वाजता कुठं होतात, आप्पा?"

"वरच की. गुडघा लई दुखतोय, जिना कोण उतरंल? आजचा बस्ता बांधत होतो."

बस्ता म्हणजे लाल फडक्यात बांधलेले खटल्याचे कागद.

"कॉम्प्युटरला हात लावला?"

"लावला. पर पुसलं नाय काही. पुसायचं बटण मी आजवर दाबलंच नाय, आईच्यान!"

अजिनाथनं ताईंना डोळ्यांनी खूण केली: हाच तो. ताई मात्र कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटापुढं उभ्या होत्या. रांगेत चार ठिकाणी जागा रिकामी होती, आणि प्रत्येक ठिकाणी एकेक चिठ्ठी उभी: '१५ तारीख'.

"हे काय, आप्पा?"

"पुस्तक आज कोर्टात जायाचंय. आदल्या दिवशी काढायचं, जागी चिठ्ठी ठिवायची. मोठ्या साहेबांपासनं रीत हाय."

साडेअकराला ताईंनी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं.

"अजिनाथ, डब्यातले सात लाडू दिसेनासे झाले. मोजले तर पहिल्याइतकेच भरले. लाडू कुठं असतील?"

"डब्यातच. कोपऱ्यात सरकले असतील."

"आकडा कुणी वाचून दाखवला?"

अजिनाथ गोंधळला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "म्यांच! सात पुसले असते तर दोन हजार तीनशे नऊ राहिले असते!"

"म्हणजे चोरी नाहीच. कुणीतरी निवाडे हलवले. आजच्या सुनावणीला लागणारे तेवढेच, आणि आदल्या सायंकाळी. सुदर्शन आणि योगिनी खाली भांडत होते, गल्ली साक्षीला आहे. वर राहिलं कोण? आणि आदल्या दिवशी वस्तू जागेवरून काढून ठेवायची सवय कुणाला?"

सगळ्यांच्या नजरा कपाटाकडं गेल्या.

"पण मी फोल्डर बघितले," सुदर्शन म्हणाला. "शोध फक्त मुख्य संग्रहातच चालतो, म्हणून पक्षकारांच्या नावाचा एकेक फोल्डर उघडला. बानाबाईंचा नव्हताच."

"चिठ्ठीवर बानाबाईंचं नाव होतं का?"

सुदर्शननं यादी खाली सरकवली. '१५-३', आजचीच तारीख. उघडलं. सातही निवाडे, ओळीनं.

"मग? तिथंच तर ठिवलेत!" आप्पासाहेब म्हणाले. "सकाळपासनं जो तो इचारतोय, पुसलं का, पुसलं का. निवाडे कुठं हायेत, असं इचारलं कुणी?"

"निदान चिठ्ठी ठेवायची, आप्पा," योगिनी म्हणाली.

"त्याच्यात चिठ्ठी ठिवायला जागाच नाय, बाई. लई शोधली."

तनुजाताईंची मान खाली गेली. "मी काय गेलं ते लपवलं नसतं, तर दहा मिनिटांत मिटलं असतं. आणि सुदर्शन, तुझ्यावर मी..."

"समोरच्या वकिलांकडं उर्दूचा जाडा शब्दकोश आहे, मॅडम. तो बघायला जात होतो. भाषांतर आपोआप झालं नाही."

तनुजाताईंनी सातही निवाडे छापायला लावले. "आज ते दोन उर्दूतले तूच मांडायचेस," त्या सुदर्शनला म्हणाल्या. "मी बाजूला उभी राहीन."

पावणेचारला हुकूम झाला: निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवावी. बानाबाईंनी कोर्टाच्या पायरीवर अजिनाथकडून मोबाइल लावून घेतला.

"भारत, ऐकतो का? हुकूम झाला. व्हय, आपलाच... मेंढरं काढ, कुंपणापाशी नेऊन उभी कर. मी कागद घेऊन येते." त्या बोलायच्या थांबल्या. पलीकडून मुलगा काहीतरी विचारत होता.

"नाय, नाय. तू तारंला हात लावायचा नाय. ज्यानं बांधली, त्यालाच सोडू दे."