लाइन थांबवणारी

मी वळले आणि माझं कोपर सरळ कुणाच्या तरी बरगडीत बसलं.

"आई गं..." मागून आवाज आला.

एक उंच, सडपातळ माणूस बरगडी धरून उभा होता. काखेत फळीला लावलेले कागद, हातात स्टॉपवॉच, नाकावरून घसरलेला चष्मा. आणि एवढं लागूनही त्यानं काय करावं? अंगठ्यानं घड्याळ थांबवलं आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं!

"फार लागलं का?" मी विचारलं.

"थोडंसं... पण एका पंपासाठी तुम्ही सहा वेळा मागे वळता. माहीत आहे तुम्हाला?"

"आणि मागे माणूस उभा असतो, हे आज कळलं. तेही लिहा."

लाइनवरच्या बायका खिदळल्या. तो कानापर्यंत लाल झाला, आणि मी मुकाट्यानं पुढचा पंप हातात घेतला. हसू दाबायला खाली मान घालणं बरं पडतं.

आमच्या कारखान्यात घरगुती पाण्याचे पंप बनतात. सरकत्या पट्ट्याशेजारी आम्ही बारा जणी. चौथी जागा माझी. केसिंगमध्ये शाफ्ट आणि बेअरिंग बसवायचं काम. सगळ्या मला वकीलबाई म्हणतात, कारण कॅंटीनवाल्यापासून सुपरवायझरपर्यंत कुणाशीही मी वाद घालते. त्याचंही बारसं दुपारच्या जेवणाआधीच उरकलं... सेकंदकाटा! बाहेरच्या एका कंपनीनं त्याला तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं, आमचा कारखाना 'लीन' करायला.

"लीन म्हणजे काय हो?" तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"ज्याची गरज नाही ते काढून टाकायचं. फुकटची धावाधाव, फुकटचं वाकणं, वाट बघत थांबणं..."

"आणि गरज कशाची नाही, हे कोण ठरवणार?"

त्यानं घड्याळ खिशात घातलं. मग म्हणाला, "हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं."

"तुम्ही तरी कुठे कुणाला काही विचारता? नुसते हात मोजता. त्या हातांना एक बाई जोडलेली आहे."

दुसऱ्या दिवशी तो स्टॉपवॉच न घेता आला. माझ्या टेबलाशी थांबून जरा घुटमळला आणि म्हणाला, "आज विचारायला आलोय. संध्याकाळपर्यंत काय दुखतं?"

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "कंबर," मी म्हणाले, "डावीकडे."

चार दिवसांत माझं टेबल चार बोटं उंच झालं. पाइप कापून त्यानं स्वतः फिटरबरोबर उतरता रॅक बनवला. बेअरिंगचे ट्रे घसरत थेट माझ्या डाव्या हाताशी यायला लागले. मागे वळणं संपलं. त्या संध्याकाळी बसमधून उतरले आणि लक्षात आलं की आज कमरेवर हात गेलाच नाही. त्याचा राग आला... म्हणजे माझाच मला. एवढ्याशा गोष्टीवर खूश व्हायचं?

म्हणून मग मी त्याला पकडलं. "अर्धा तास माझ्या जागी बसून दाखवा."

तो बसला. अर्ध्या तासात पंप झाले दोन. त्यातला एक बघून मी कपाळावर हात मारला. "अहो, हे बेअरिंग उलटं बसवलंय!"

"मग काय होईल?"

"पाणी वर चढायचं सोडून रुसून बसेल."

तो हसला. हसताना त्याच्या नाकावर ग्रीसचा ठिपका दिसत होता आणि तो पुसावा असं मला फार वाटलं... पुसला नाही. त्याची बोटं मात्र धरली. "अशी... हलकी. ढकलायचं नाही. आपोआप बसू द्यायचं."

"बसलं?"

"बसलं."

त्यानंतर हात काढून घ्यायला दोघांनीही जरा उशीरच केला. लाइनच्या टोकाकडून आक्का मुद्दाम खोकल्या.

आक्का आमच्यात सगळ्यात मोठ्या. गुडघे कुरकुरतात, पण कान तिखट. तयार झालेला प्रत्येक पंप त्या हातानं फिरवायच्या, कान जवळ नेऊन ऐकायच्या आणि "जा बाळा" म्हणून पॅकिंगकडे सरकवायच्या. एखादा बाळ आवडला नाही तर डाव्या बाजूला ठेवायच्या. तो हमखास खराब निघायचा.

त्याच आठवड्यात सेकंदकाट्यानं लाइनच्या डोक्यावरून एक लाल दोरी बांधून घेतली. शेजारी पाटी लावली, 'दोष दिसला की ओढा'. ओढली की भोंगा वाजणार, लाइन थांबणार. तो गेल्यावर सुपरवायझर आमच्याकडे वळला. "शोभेची आहे ती. हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे."

दोन महिने झाले. कामाला खरंच वेग आला होता आणि थकवा कमी झाला होता. चहाच्या सुट्टीत तो हमखास माझ्या टेबलाशी 'काहीतरी तपासायला' यायचा. काय तपासायचा कोण जाणे, नजर तर रॅककडे नसायचीच.

आणि एका सकाळी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. भिंतीवर तक्ता होता. "एका पंपामागे छत्तीस सेकंद वाचले. टाळ्या!"

आम्ही टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे लाइनवर आता नऊ जणी पुरतील."

टाळ्या हवेतच अडकल्या. साहेबांनी तीन नावं वाचली. पहिलं आक्कांचं. "एक बाई प्रत्येक पंपाला चौदा सेकंद कान लावून बसते. असले लाड आता बंद. महिनाअखेरपर्यंत तिघींनी पॅकिंगमध्ये खोकी दुमडायची, पुढे बघू."

पुढे काय ते सगळ्यांना कळलं. आक्का स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक पडलेला. गप्प.

दुपारी मागच्या धक्क्यावर, जिथे माल भरायच्या गाड्या लागतात, तिथे मी त्याला गाठलं. पत्र्यावर पाऊस तडतडत होता, पुठ्ठ्याचा ओला वास सुटला होता.

"माझी वाचलेली पावलं गोळा करून तू आक्कांना बाहेर काढलंस!" 'तुम्ही' रागात कुठे गळून पडलं, मला कळलंही नाही.

"माणसं कमी करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही! मोटरची वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळणी, आपण बाहेरून करून आणतो. वाचलेल्या वेळात ती इथेच करा, असं लिहिलं होतं. ते शेवटचं पान साहेबांनी दाखवलंच नाही..."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

त्यानं ओल्या चष्म्याच्या काचा शर्टाला पुसल्या.

"घाबरलो," तो म्हणाला.

इतक्या सरळ उत्तराशी भांडायचं तरी कसं? तरी मी भांडले. "घाबर. सगळेच घाबरतात. पण मग माझ्याकडे तसं बघत जाऊ नकोस. तसं बघायला छाती लागते."

आणि निघाले. आत आल्यावर कुणीतरी विचारलं, डोळे का ओले? म्हटलं, पाऊस आहे ना बाहेर.

सोमवारपासून आम्ही नऊ जणी. आक्कांचं स्टूल उचलून नेलं होतं. पंप सरळ खोक्यात जात होते. तो वरच्या ऑफिसात असायचा. खाली आलाच तर मी त्याच्याकडे पाठ करायचे.

बुधवारी बेअरिंगची नवी पेटी फोडली. शाफ्ट बसवून फिरवला तर बोटांना काहीतरी बारीक लागलं. आक्कांसारखा कान जवळ नेला. खर्रर्र... अगदी हळू. दुसरा ठीक होता. तिसरा पुन्हा तसाच.

सुपरवायझरला सांगितलं. "घे पुढे," तो म्हणाला, "आज गाडी भरायची आहे."

पंप पुढे चालले. कुणाच्या तरी घरी ऐन उन्हाळ्यात हा बंद पडणार, आणि तिथली बाई कळशी घेऊन जिने चढणार. मी वर बघितलं. अख्ख्या लाइनवर अजून कुणी त्या दोरीकडे नीट बघितलंही नव्हतं.

मी उभी राहिले आणि ओढली.

भोंगा केकाटला. पट्टा हिसका खाऊन थांबला. चार वर्षांत अशी शांतता मी ऐकली नव्हती... छतावरचे पंखेसुद्धा ऐकू यायला लागले. सुपरवायझर धावत आला, मागोमाग मोठे साहेब.

"कुणी थांबवली?"

"मी."

"कुणाच्या परवानगीनं?"

"पाटीच्या. दोष दिसला की ओढा, असं लिहिलंय. मला वाचता येतं."

"नोकरी नकोय वाटतं!"

"हवीय. म्हणूनच खराब माल माझ्या हाताखालून जाऊ देणार नाही."

तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या उतरत तो आला, धापा टाकत माझ्यासमोर उभा राहिला. "काय झालं?"

"नवी बेअरिंग खरखरताहेत."

"मी तुम्हाला बोलावलेलं नाही," साहेब त्याच्यावर डाफरले.

"हो... पण मी हिला विचारतोय." त्याचा आवाज चक्क कापत होता. पण तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि तिथून हलला नाही.

"आक्कांना बोलवा," मी म्हणाले.

"बोलवा!" साहेबांनी हाताची घडी घातली. "तमाशाच करायचाय तर पुरता होऊ दे."

आक्का हात पुसत आल्या. खोक्यांतून चाळीस पंप बाहेर काढले. त्या एकेक फिरवत गेल्या, ऐकत गेल्या. "जा बाळा... जा बाळा... तू थांब." डावीकडे अकरा जमा झाले. त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डावीकडचे तीन खोलले. तिन्हींची बेअरिंग तडकलेली. मग उजवीकडचे तीन खोलले. स्वच्छ.

त्यानं चष्मा वर सरकवला.

"ते चौदा सेकंद मी फुकटचे म्हणून मोजले. चूक माझी आहे, साहेब. अहवाल मी मागे घेतो. आणि बायका कमी करायच्या यादीवर माझी सही मिळणार नाही."

"तुमच्या कंपनीला आत्ता फोन करतो मी!"

"नंबर देऊ?"

बायका फसकन हसल्या. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हसू नका, बसा कामाला!" ते ओरडले. माझ्या शेजारचीनं हातातला पाना खाली ठेवला. मग पलीकडचीनं. "आक्कांचं स्टूल येऊ दे," ती म्हणाली, "तोवर आम्ही उभ्याच."

नऊच्या नऊ जणी उभ्या राहिलो. वीस मिनिटं. गाडी बाहेर खोळंबली होती. एकविसाव्या मिनिटाला सुपरवायझर स्वतः स्टूल घेऊन आला.

पुढच्या आठवड्यात तिन्ही नावं यादीतून निघाली, वायंडिंगचं टेबल लागलं, आक्कांशेजारी दोघी ऐकायला शिकू लागल्या. मला नोटीस मिळाली, शिस्तभंगाची. खाली मी माझ्या अक्षरात उत्तर लिहिलं : 'चूक मान्य नाही. पुन्हा दोष दिसला तर पुन्हा ओढीन.' आणि त्याच आठवड्यात त्याची नोकरी मात्र गेली.

त्या दिवशी शिफ्ट सुटली तेव्हा तो गेटबाहेर उभा होता. खांद्याला बॅग.

"निघालो..." तो म्हणाला. "एका छोट्या कारखान्यात बोलणं चाललंय. वीसच माणसं आहेत. अजून नक्की काही नाही."

"बरं."

"बरं? एवढंच? मला वाटलं, वकीलबाई काहीतरी वाद घालतील."

"घालणारच आहे. पण तुझ्याशी नाही, बाबांशी. चल घरी."

"आत्ता?"

"आत्ताच. रविवारी ते एक मुलगा बघायला निघालेत माझ्यासाठी."

त्याचा चेहरा असा काही उतरला की मला रस्त्यातच हसू फुटलं.

माझ्या बाबांनी तीस वर्षं लेथवर काम केलं आहे. ते दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. "हे कोण?"

"आमच्या कारखान्यात होते. आता नाहीत. आणि मला आवडतात."

आत आईच्या हातून झाकण पडलं, ते बराच वेळ फिरत राहिलं.

"काय काम करत होता?" बाबांनी त्याला विचारलं.

"लोकांच्या कामाचा वेळ मोजायचो."

बाबांनी पेपरची घडी घातली. "आमच्याकडेही आला होता तसला एक. मी लघवीला किती वेळा जातो, ते लिहायचा."

"मी नाही लिहिलं तसं काही!" तो घाईघाईनं म्हणाला.

"नोकरी का गेली?"

"एका यादीवर सही केली नाही."

"हिच्यासाठी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "नाही. तिघींची कामं जात होती, त्यांच्यासाठी. हिच्यासाठी केलं असतं तर हिनंच मला हाकललं असतं."

बाबांच्या मिशा किंचित हलल्या. तरी ते म्हणाले, "त्या लोकांना मी रविवारी येतो म्हणून शब्द दिलाय."

"मग जाऊन या. मी येणार नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लग्न मला लोकांशी करायचं नाहीये."

"आणि ह्याला तरी विचारलंस का, लग्नाचं?"

विचारलंच नव्हतं की! मी त्याच्याकडे वळले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"करशील माझ्याशी लग्न?"

"हो."

"अरे, विचार तरी कर जरा!" बाबा म्हणाले.

"तीन महिने तेवढंच करतोय, काका."

मी त्याचा हात धरला. सगळ्यांसमोर, बाबांच्या नजरेला नजर देऊन. बाबांनी त्या दोन हातांकडे बघत पेपर खाली ठेवला आणि आत तोंड करून ते म्हणाले, "अगं, चहा चार कप टाक."

मी हात सोडला नाही.

"दुखतंय..." तो हळूच म्हणाला.

"दुखू दे," मी म्हणाले.