तुटक्या वायरीचा खेळ

सुवर्णानं आपला टीव्ही जुन्या गोधडीत गुंडाळला, रिक्षात मांडीशी घट्ट धरला आणि गंगापूर रोडच्या दिशेनं निघाली, तेव्हा सकाळची उन्हं कोवळी होती आणि तिच्या मनात शूटिंगवाल्यांना नाश्त्याला काय देत असतील एवढाच विचार होता. शेजारी तिची लेक आरोही बसली होती, नवा फ्रॉक घालून. पोरीला सिरियलमध्ये काम मिळालं होतं! इंदिरानगरात ही बातमी दुधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ झाली होती, कारण सांगणारी सुवर्णाच होती.

सुवर्णाचं इंदिरानगरात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पोरं तासावर खेळायला यायची, आणि काउंटरवर बसलेल्या ह्या बाईला एकदा तरी हरवावं म्हणून तिच्याशी पैज लावायची. बिशाद होती कुणाची! सासरची मखमलाबादला गुलाबाची शेती. नवरा फुलं घेऊन मुंबईच्या बाजारात. ही दुकानात बसून बसून असा हात बसवून बसली होती, की गप्पा मारता मारता, मान वळवून, न बघता खड्ड्यावरून उडी मारायची.

आणि तिची एक खास चीड होती. सिनेमात, सिरियलमध्ये कुणी व्हिडिओ गेम खेळताना दाखवला की तिचं डोकंच सटकायचं. हिरो जॉयस्टिक हातात घेऊन ताक घुसळल्यासारखा हलवतोय, पडद्यावर गाडी चाललीय आणि आवाज मात्र गोळीबाराचा! "अरे, उजवीकडचं बटण दाबल्याशिवाय तो उडी मारेल कसा? लोकांना काय येडे समजता काय?" असं ती टीव्हीला सुनवायची. टीव्ही बिचारा ऐकून घ्यायचा.

त्यामुळे दिग्दर्शक जीवनसर दुकानात आले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीला नुसतं खेळल्यासारखं करायचंय. गेम तुम्ही आधी खेळून व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्ड करून द्या. शूटिंगला तुमच्याच टीव्हीवर आम्ही ती कॅसेट लावू," तेव्हा सुवर्णानं हो म्हणता म्हणताच मनात पक्कं केलं. आपल्या पोरीच्या सीनमध्ये असला भोंगळ कारभार चालायचा नाही.

सीन साधा होता. सिरियलमधली आजारी मुलगी गेम खेळत असते. पिवळ्या सदऱ्याचा छोटा माणूस खड्डे ओलांडत पळतो, एकेक लाइफ जाते, तिन्ही लाइफ संपतात, 'गेम ओव्हर' येतं आणि त्याच क्षणाला मुलगी सोफ्यावरून कोसळते. कोसळताना वायर पायात अडकू नये म्हणून जॉयस्टिकची वायर अर्ध्यातून कापून सोफ्याच्या फटीत खोचायची ठरली. सुवर्णानं स्वतः खेळून, जाणूनबुजून तीनदा खड्ड्यात पडून कॅसेट भरली. मग आठवडाभर ती कॅसेट लावून आरोहीला समोर बसवलं. "तो पळाला की तुझं बोट इथं. तो उडाला की तुझा अंगठा तिथं. एकही बटण चुकायला नको. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की तूच त्याला खेळवतेयस." पोरगी हुशार. आठवड्यात असा मेळ बसला की सुवर्णालाच कौतुकानं भरून आलं.

आजवर कुणी असा मेळ बसवला नसेल. गरजच काय कुणाला? पण सुवर्णाला कोण समजावणार!

शूटिंगचा बंगला जुनाट नव्हता, उलट चांगला नवाकोरा होता. मात्र टीव्हीचा पडदा कॅमेऱ्यात नीट दिसावा म्हणून हॉलच्या सगळ्या खिडक्यांना काळं कापड ठोकलं होतं. बाहेर भर दुपार आणि आत मिट्ट काळोख. दिव्यांनी तापलेल्या पत्र्याचा वास, नव्या रंगाचा वास, आणि मागं अंगणात जनरेटरची अखंड घरघर. व्हीसीआर सांभाळायला वाळू म्हणून दिंडोरीकडचा पोऱ्या होता, पंचविशीतला, तोंडात सुपारी आणि कामात चोख.

"रोलिंग... ॲक्शन!"

आरोहीची बोटं चालू लागली. पडद्यावरचा माणूस पळू लागला. सुवर्णा कॅमेऱ्यामागे उभी, ओठ घट्ट मिटून. वा! काय खेळतेय पोरगी! पहिला खड्डा, दुसरा खड्डा... आणि मग तो माणूस थबकला.

सुवर्णाच्या कपाळाला आठी पडली. ती इथं थबकली नव्हती. तिनं भरलेला खेळ तिला हाताच्या रेषेसारखा ठाऊक होता. आरोहीचा अंगठा घामानं सटकला होता, म्हणून ती क्षणभर थांबली होती. पण कॅसेटमधला माणूस कसा थांबला?

तो माणूस गोंधळून पुढं गेला, उडी चुकली, खड्ड्यात पडला. एक लाइफ गेली. आरोहीनं "आई गं" असा बारीक आवाज काढला. संवादात तो नव्हता.

"कट! छान होतं, पण कॅमेरा हलला. पुन्हा घेऊ," जीवनसर म्हणाले.

सुवर्णा पोरीजवळ गेली, तोंड पुसलं. हात बर्फासारखे गार. एवढ्या तापलेल्या दिव्यांत? "काय होतंय गं बाळा?"

"काही नाही मम्मी. दमल्यासारखं झालं."

कॅसेट मागं नेली. पुन्हा ॲक्शन. खेळ सुरू झाला आणि सुवर्णाची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं तीन लाइफ दिसायला हव्या होत्या. दोनच होत्या.

"वाळू," ती दबक्या आवाजात म्हणाली, "कॅसेट पुरती मागं नाही घेतलीस."

"आईच्यान ताई, पार मुळापासून घेतली हाय."

"मग दोनच कशा?"

वाळूनं पडद्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं, आणि सुपारी चघळायचा थांबला. तेवढ्यात पिवळा माणूस दुसऱ्यांदा खड्ड्यात पडला. आरोहीची मान एकदम पुढं कलली. ओठ निळसर झाले होते. जीवनसर खूश होऊन कुजबुजले, "काय अभिनय करतेय मुलगी!"

अभिनय कसला! आईला कळतं ना पोरीचं तोंड. "बास. बंद करा सगळं. माझी पोरगी नाही करणार," असं म्हणत सुवर्णा सरळ कॅमेऱ्यासमोर घुसली. "ए वाळू, बंद कर ते!"

"बंदच हाय ताई..."

"बंद कुठंय? पडदा चालू दिसतोय मला!"

"ताई..." वाळूचा आवाज चिरकला. "कॅसेट तर माझ्या हातात हाय..."

खरंच त्याच्या हातात होती. व्हीसीआरचं तोंड रिकामं होतं. आणि पडद्यावर, कोपऱ्यात एकच लाइफ उरलेला तो छोटा माणूस उभा होता, जागच्या जागी किंचित वरखाली होत, श्वास घेत असल्यासारखा. आरोहीची छातीही त्याच लयीत वरखाली होत होती.

सुवर्णानं पोरीच्या हातातून जॉयस्टिक ओढली. बोटं सुटेनात. अजून जोर लावला, तर कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि तो माणूस खड्ड्याकडं सरकला. आरोहीचा श्वास अडकला. सुवर्णानं झटकन हात मागं घेतला. जीवनसर काहीतरी विचारत होते, कुणी डॉक्टरला फोन करा म्हणत होतं, ते सगळं तिला लांबून ऐकू येत होतं. कारण पडद्यावर वरच्या बाजूला वेळेचा आकडा घटत चालला होता. उभं राहूनही भागणार नव्हतं. वेळ संपली तरी लाइफ जाते, हे दुकानातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. सुवर्णा खाली बसली, पोरीला मांडीत घेतलं, आणि तिच्या गार बोटांवर आपली बोटं ठेवली.

"मी आहे ना," ती आरोहीच्या कानात म्हणाली. "तुझी मम्मी कधी हरलीय का? तू फक्त हात सैल सोड."

आणि ती खेळू लागली. तुटक्या वायरीच्या, कुठंही न जोडलेल्या त्या डबड्यावर ती आजवर कधी खेळली नव्हती अशी खेळली. पहिला खड्डा पार. दुसरा पार. फिरत्या चकत्यांखालून, कोसळत्या विटांवरून, एकेक बटण मोजून मापून. आरोहीच्या गालावर रंग चढायला लागला. सुवर्णाला वाटलं, जिंकलो! अजून एक खड्डा, पुढं तो झेंडा, की झालं.

तेवढ्यात बाहेर जनरेटर गचके देत बंद पडला. दिवे गेले. सगळा हॉल काळाकुट्ट झाला, आणि त्या काळोखात टीव्हीचा पडदा तेवढा उजळलेला राहिला. कुणीतरी "अगं बाई..." म्हणालं. घामानं निथळलेला सुवर्णाचा अंगठा बटणावरून घसरला. घसरला क्षणभरच, पण तिला कळलं. उडी उशिरा निघाली होती.

पिवळा माणूस खड्ड्यावर अधांतरी होता. सुवर्णाच्या बोटानं, तिनं ठरवायच्या आधीच, मधलं बटण दाबलं. पॉज.

खेळ थांबला. माणूस हवेत, पाय पुढं, हात वर. तसाच.

आरोहीची बोटं आपोआप सैल झाली. जॉयस्टिक सुवर्णाच्या हातात आली. पोरीनं डोळे उघडले. "मम्मी, सर कट म्हणाले का?"

सुवर्णा तिला छातीशी कवटाळून रडली, चारचौघांत, मोठमोठ्यानं, आणि तिला त्याची काही लाज वाटली नाही.

तो सीन सिरियलमधून काढून टाकला. मुलीला उकाड्यानं भोवळ आली, असं युनिटनं सगळ्यांना सांगितलं आणि बहुतेकांनी स्वतःचीही तीच समजूत घातली. वाळूनं मात्र टीव्ही रिक्षात ठेवायला मदत केली. प्लग त्याच्या हातात लोंबत होता आणि गोधडीच्या विणीतून पडद्याचा उजेड झिरपत होता. त्यानं प्लग खाली ठेवला, टीव्हीला हात जोडले आणि मागं न बघता चालता झाला.

सुवर्णानं टीव्ही दुकानाच्या आतल्या खोलीत फळीवर ठेवला, वर चादर टाकली, जॉयस्टिक कपाटात कुलपात घातली. दुकान पुन्हा सुरू झालं, पैजा सुरू झाल्या. "कुणी हात लावायचा नाही, आणि मी हरायची नाही, मग भीती कसली?" असं ती स्वतःशी म्हणायची. आणि खरं सांगायचं तर तिला भीती फारशी वाटतही नव्हती. आरोही खात होती, हसत होती, शाळेत जात होती.

पण शूटिंगच्या दिवशी मेकअपवालीनं आरोहीच्या नखांना गुलाबी रंग लावला होता. तो दोनेक आठवड्यांत नखाबरोबर पुढं सरकायला हवा होता, मागून बिनरंगाचं नख दिसायला हवं होतं. सरकला नाही. संक्रांत गेली, होळी गेली, नेलकटर डब्यात तसाच पडून राहिला. जूनमध्ये शाळेचा युनिफॉर्म घ्यायला गेल्या तेव्हा मागच्या वर्षीचंच माप बसलं. दुकानदार हसून म्हणाला, "वहिनी, पैसे वाचले की तुमचे!" सुवर्णाही हसली. घरी येऊन मात्र तिनं पोरीला भिंतीशी उभं केलं, केसांची लांबी मोजली, दात बघितले, आणि मग मोरीचं दार लावून आत बसून राहिली.

"मम्मी, वर्गातल्या सगळ्या माझ्याहून उंच झाल्या," आरोही एके दिवशी म्हणाली. "मी कधी होणार गं?"

"होशील. घाई काय आहे?" सुवर्णा म्हणाली.

त्या दुपारी दुकान बंद करून तिनं चादर उचलली. तोच उजेड, तोच हवेतला माणूस. बटण दाबलं की उडी पुरी होईल. पोचली तर पोरगी वाढायला लागेल. नाही पोचली तर... हजारदा मारलेली उडी ती. एरवी कुणाचीही उडी बघून ती आधीच सांगायची, पोचणार की पडणार. ह्या एका उडीचं तिला सांगता येईना. वीतभर अंतरावरून, डोळे बारीक करून, बोटानं काचेवर मापं घेऊन बघितली. कधी वाटे पोचतोय, कधी वाटे पडतोय.

शेवटी तिनं ठरवलं, राहू दे. नाही वाढली तर नाही वाढली. माझ्याजवळ तर आहे. जगाला काय सांगायचं ते बघून घेईन. मन घट्ट केलं की तिला बरं वाटायचं, तसं वाटलं. जाता जाता तिनं कपाळाची टिकली काढली आणि पडद्यावर, बरोब्बर त्या माणसाच्या पायाखाली चिकटवली. खूण म्हणून. उगाच.

त्यानंतर पावसाळाभर तिनं चादर उचलली नाही. नवरात्रात दुकानाची साफसफाई काढली तेव्हा आरोही बाहेर काउंटरवर बसून पाटी पुसत होती, गुणगुणत होती. सुवर्णा आत गेली, धूळ झटकली, चादर दूर केली.

टिकली होती तिथंच होती. त्या माणसाचे पाय मात्र तिच्या खाली गेले होते.

"आरोही," सुवर्णानं हाक मारली. आवाज तिनं अगदी नेहमीसारखा ठेवला. "आत ये बाळा. माझ्या मांडीत बस जरा."

आणि तिनं दोन्ही तळवे पदराला कोरडे पुसले आणि कपाटाची किल्ली काढली.