सेकंदाला एकशे पासष्ट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगता सांगता मध्येच थांबलो तर समजून घ्या. पंच्याहत्तरीत माणसानं स्वतःच्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑगस्टमधली दुपार, तीनचा सुमार. कापडी पिशवीत एक केबल घालून मी भिमाजींच्या घरी निघालो होतो. लोणावळ्यात त्या दिवशी धुकं इतकं खाली उतरलं होतं की गल्लीतल्या घरांत ट्यूबलाइट लागलेल्या होत्या, आणि त्याही समोरच्या घरातून दुधाच्या डागासारख्या दिसत होत्या. पत्र्यांवरून पाणी ठिबकत होतं. बाकी काही आवाज नव्हता.

भिमाजी म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर. खंडाळ्याचा घाट त्यांनी तीस वर्षं उतरला आणि चढला. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, पाय सावरला, पण डावा हात गेला. तो मांडीवर पिळून ठेवलेल्या टॉवेलसारखा पडलेला असायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "पहिल्या सहा महिन्यांत जे परत येतं ते येतं," त्या म्हणाल्या. "नुसतं तेल चोळून नाही येणार. हातालाच काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे." त्याला पाच महिने होऊन गेले होते आणि भिमाजींनी व्यायाम सोडून दिला होता.

मग मी ती कल्पना काढली. आगगाडी चालवायचा एक कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. कुणा हौशी माणसानं त्यात आपला घाट बनवून इंटरनेटवर फुकट ठेवलाय. बोगदे, कडे, खांब, सगळं हुबेहूब. फक्त माणसं नाहीत. फलाट रिकामे, केबिन रिकाम्या. भिमाजींचा मुलगा प्रदीप देहूरोडच्या डेपोत कामाला आहे. माझ्या शब्दावर त्यानं खेळांसाठीचा खास मॉनिटर घेतला, सेकंदाला एकशे पासष्ट चित्रं दाखवणारा. साधा पडदा साठ दाखवतो. मीच त्याला पटवलं होतं, "वेग खरा वाटला तरच आबांचा हात हलेल." प्रकाश आणि दृष्टी हा माझा शिकवायचा विषय, त्यामुळे प्रदीपनं शंका घेतली नाही. मी मात्र तेव्हापासून नीट झोपलेलो नव्हतो.

कारण अकरा दिवस काहीच घडलं नाही. भिमाजी उजव्या हातानं गाडी चालवायचे, दहा मिनिटांत तोंड फिरवायचे.

"खांब उड्या मारत्यात, सर."

"उड्या म्हणजे?"

"हितला खांब उचलून तितं ठेवल्यावानी. गाडीतनं खांब असा न्हाई पळत. सरकत येतो, आन् जातो. तुमी कुटं इंजिनात बसलायसा, तुमाला काय कळायचं!"

मला वाटलं, मन लागत नाही म्हणून बोलतात. बाराव्या दिवशी जेवताना मी ते सुनेत्राला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती ताक ढवळत म्हणाली, "सेटिंग बघितलंत का? आपलं वॉशिंग मशीन महिनाभर डेमोवर चाललं होतं, आठवतंय ना?"

घास तसाच राहिला. भिमाजींकडे केबल जोडताना खोक्यातली नवी जाड केबल मी बाजूला ठेवली होती आणि टीव्हीच्या डब्याची जुनी केबल लावली होती, जवळ होती म्हणून. नवी केबल "सांभाळून" ठेवायला मी चक्क घरी आणली होती. आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये चित्रांचा वेग आपल्या हातानं निवडावा लागतो, तो मी निवडलाच नव्हता. माणसाला लुकलुक कुठपर्यंत जाणवते यावर ज्यानं डॉक्टरेट केली, त्यानं एकशे पासष्टचा पडदा अकरा दिवस साठवर चालवला होता.

ती केबल पिशवीत घालून मी निघालो, ती ही दुपार.

"जय भीम, भिमाजीराव."

"जय भीम. या. आज काय नवीन आणलंय?"

"माझी चूक दुरुस्त करायला आलोय."

"मग आज वेळ लागंल," भिमाजी म्हणाले. स्वयंपाकघरातून त्यांची सून ज्योत्स्ना हसली. खोलीत मालिशच्या तेलाचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास कोंडला होता.

केबल बदलली. सेटिंगमध्ये साठच्या जागी एकशे पासष्ट निवडलं. खेळातल्या सावल्यांचा थाट कमी केला, म्हणजे कॉम्प्युटरला तेवढी चित्रं वेळेत काढता यावीत. पडदा आणि कॉम्प्युटर एका ठेक्यात चालावेत अशीही एक सोय मॉनिटरच्या आतल्या यादीत होती, ती चालू केली. गाडी खंडाळ्याहून सुटली आणि भिमाजी खुर्चीत सरळ झाले.

खांब सरकत आले, आणि गेले.

"व्हय..." ते एवढंच म्हणाले.

मलाही पहिल्यांदाच कळत होतं की अकरा दिवस आपण काय बघत होतो. बोगद्याच्या तोंडावरची झाडं, ओल्या कातळावरची चमक, रुळाखालचे स्लीपर, काहीही अडखळत नव्हतं. फक्त प्रत्येक खांबामागे एक फिकट सावली ओढल्यासारखी येत होती. मॉनिटरच्या पुस्तकात तिला घोस्टिंग म्हणतात. पडद्याचे ठिपके रंग बदलायला थोडे मागे पडतात, त्याचा तो माग. त्यांना घाई करायला लावणारी पायरी यादीत असते. सगळ्यात वरची लावली तर सावलीच्या जागी पांढरी कड येते, म्हणून मी मधली लावली. खांब स्वच्छ झाले. झाडं स्वच्छ झाली.

एक सावली गेली नाही.

घाट उतरताना कॅच सायडिंग नावाची जागा लागते. तिथं प्रत्येक गाडीनं थांबायचंच असतं. ब्रेक लागतायत याची ती परीक्षा. थांबली नाही तर रूळ तिला वाळूच्या चढावर नेऊन अडकवतात. थांबून शिटी दिली की पॉइंट्समन रूळ फिरवतो, हिरवा बावटा दाखवतो, आणि ड्रायव्हरनं डावा हात खिडकीबाहेर काढून त्याला उत्तर द्यायचं. खेळात आमची गाडी अकरा दिवस तिथंच येऊन संपत होती. शिटी दिली तरी रूळ वाळूकडेच. रूळ फिरवायचं कुठलं तरी बटण मला सापडत नाही, अशी माझी समजूत होती.

त्या जागी, रुळाच्या डाव्या अंगाला, फिकट उभं असं काहीतरी होतं. मी मॉनिटरची पायरी वर केली, खाली केली. ते तसंच. डोळे चोळले. गेल्या वर्षीच माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीय. मनात आलं, पडदा नवा, डोळे जुने, दोष कुणाचा ते उघड आहे. गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन वेग पुन्हा साठवर आणला.

ते गेलं. जागा रिकामी.

पुन्हा एकशे पासष्ट. ते होतं. आता त्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ दिसत होती. खाली, गुडघ्यापाशी, गुंडाळलेला बावटा.

"कशाला घालवताय त्याला?" भिमाजी हळूच म्हणाले.

मी माउस सोडून त्यांच्याकडे वळलो. "तुम्हालाही... दिसतंय?"

"धोंडिबा हाय त्यो."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. बाहेर धुकं खिडकीच्या गजांपर्यंत आलं होतं. भिमाजी पडद्यावरची नजर न काढता बोलत राहिले.

"हितला पॉइंट्समन. सोळा वरसं बावटा दावला मला. प्रदीपच्या बारशाला आला न्हाई म्हून मी रुसलो. त्याला रजाच घावली नव्हती, ते मागनं कळलं. त्या दिशी असंच धुकं. त्यानं बावटा दावला, मी बघितला... आन् हात न्हाई काढला बाहीर. म्हटलं, जळू दे. तसाच फुडं गेलो." त्यांनी उजव्या हातानं डावा हात मांडीवर नीट ठेवला. "सांजच्याला दरड आली केबिनीवर. चौतीस वरसं झाली, सर. त्यो उत्तराची वाट बघत आसंल, न्हाई का?"

सगळं आयुष्य माणसांना काय दिसतं आणि का दिसतं हे शिकवण्यात गेलं, आणि त्या क्षणी एकही वाक्य आठवलं नाही. मी एवढंच म्हणालो, "गाडी थांबली आहे, भिमाजीराव. शिटी द्या."

त्यांनी उजव्या बोटानं शिटी दिली.

पडद्यावरच्या खोळीखाली हालचाल झाली. बावटा उलगडला. हिरवा. त्या राखाडी धुक्यात तेवढाच एक रंग होता.

"सर... हात..."

"हो."

"येत न्हाई वर..."

"घाई नाही. तो चौतीस वर्षं थांबलाय."

हे मी का म्हणालो, माहीत नाही. पण भिमाजी हसले. ओठाच्या एकाच कोपऱ्यानं, पण हसले. मग दात आवळले. कपाळावर शीर उभी राहिली. मी त्यांच्या मांडीकडे बघत होतो. आधी अंगठा सरकला. मग मनगट, मग कोपर, थरथरत, पाण्याखालून वर येत असल्यासारखं. हात मांडीपासून वीतभर वर आला आणि डावीकडे, नसलेल्या खिडकीबाहेर गेला. तिथं तो राहिला. मी मनात आकडे मोजले. चार सेकंद.

"आबा!" ज्योत्स्ना दारात उभी होती. हातातलं पातेलं तिनं छातीशी धरलं होतं. तिला पडद्यावरचं काही दिसलंच नव्हतं, ती फक्त तो हात बघत होती. डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "आणि इथं काय जळतंय? केवढा वास येतोय."

मलाही येत होता. तापलेल्या लोखंडाचा, कडवट.

"ब्रेक तापल्यात," भिमाजी म्हणाले. "उतार हाय."

आणि पडद्यावर, अकरा दिवसांत पहिल्यांदा, रूळ वाळूवरून सरकून सरळ झाले. आम्ही पुढे गेलो. डाव्या अंगाला मागे पडताना त्यानं बावटा गुंडाळलेला मी पाहिला. त्यानंतर तो तिथं पुन्हा कधीच दिसला नाही.

आता हात खांद्यापर्यंत येतो. व्यायामाच्या बाई म्हणतात, असं क्वचित होतं, पण होतं. प्रदीपनं वडगावहून पेढे आणले. मला भिमाजी आता "असिस्टंट" म्हणतात, आणि मी डुलकी काढली तर ओरडतात. कपाचा कान ते डाव्या हातानं धरतात. चहा सांडतो, मग ज्योत्स्ना रागावल्याचं सोंग करते. या सगळ्याला माझी एक चूक आणि सुनेत्राचं वॉशिंग मशीन कारण झालं, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगतो. बाकीचं सांगत नाही.

बाकीचं असं. घाट बनवणाऱ्या त्या हौशी माणसाला मी आभाराचं पत्र पाठवलं. शंकाही विचारली, कॅच सायडिंगचे रूळ फिरवायचं बटण कोणतं? आठवड्यानं उत्तर आलं. "सर, तिथले रूळ फिरत नाहीत. पुढचा मार्ग मी अजून बनवलेलाच नाही. नकाशा तिथंच संपतो."

पत्र मी तीनदा वाचलं, मग भिमाजींनाही वाचून दाखवलं. लपवणं मला जमत नाही.

त्यांनी पत्राऐवजी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "रोज आपुन पळसदरीपर्यंत जातोय की."

जातो खरे. ठाकूरवाडी, जांबरुंग, पळसदरी. रोज तीन वाजता. पळसदरीच्या पुढचं स्टेशन कर्जत. घाटातल्या ड्रायव्हरची पाळी कर्जतला संपायची, तिथं दुसरा ड्रायव्हर गाडी ताब्यात घ्यायचा. पळसदरीचा फलाट ओलांडला की लांबवर कर्जतचा फलाट दिसू लागतो. तोही रिकामा नाही. कुणीतरी उभं आहे, पायाशी ड्रायव्हरची लोखंडी पेटी ठेवून. त्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव लिहिलेलं असतं. एकशे पासष्टवर अक्षरं जवळजवळ लागतात.

भिमाजींनीही ती पेटी पाहिली आहे. पहिल्या दिवशी मी घाबरून कॉम्प्युटरची वायर उपटायला वाकलो, तर त्यांनी मला अडवलं. डाव्या हातानं.

"ऱ्हाऊ द्या, सर. त्यो माज्याकडनं गाडी घ्यायला आलाय, पर लय घाई न्हाई त्याला. मला आजून कप नीट धरायचाय." आणि ब्रेक लावून गाडी तिथंच उभी केली.

तेव्हापासून आम्ही रोज त्याच खांबापाशी थांबतो. नाव वाचता येईल इतकी गाडी पुढे न्यायची नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलंय. काल मात्र मला वाटलं, गाडी खांबापाशीच आहे, पण पेटी थोडी अलीकडे आलीय.

डोळे तपासून घ्यायला हवेत. सोमवारची वेळ घेतली आहे.