विसावं ताट

चैत्रालीला खिचडीतले वाटाणे आवडत नाहीत, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. अख्खी शाळा म्हणजे तरी काय? दोन खोल्या, पुढे पडवी, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर आणि पहिली ते चौथीची मिळून वीस पोरं. शिकवायला ती एकटी. जोडीच्या गुरुजींची बदली झाली, ती जागा भरलीच नाही. दुपारी ती पोरांच्या पंगतीत बसे आणि खिचडीतला एकेक वाटाणा बोटाने काढून ताटाच्या कडेला लावे. एकाला एक चिकटून, गोल.

"लग्न झालं, बाई झालीस, तरी खोड काय गेली नाय तुझी," खिचडी रांधणाऱ्या राजाबाई वाढता वाढता म्हणत. "माझ्या तेजलला बघ कसे आवडायचे. दुसऱ्याच्या ताटातले उचलून खायची गो!"

चैत्राली हसल्यासारखं करी. तेजलचं नाव निघालं की घास तिच्या तोंडात नुसता फिरत राही.

ही शाळा तिचीच. वडील आनंदनगरच्या कारखान्यात नवे लागले तेव्हा घरचे सगळे याच वाडीत भाड्याने राहत. पहिली-दुसरी ती याच खोलीत, याच खिडकीखाली शिकली. मग बिऱ्हाड अंबरनाथ पश्चिमेला गेलं. बावीस वर्षांनी बदलीचा आदेश हातात पडला, त्यावर याच शाळेचं नाव होतं. पहिल्या दिवशी राजाबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती.

राजाबाईंची एक रीत होती. जितकी पोरं, त्याहून एक ताट जास्त. ते खिडकीखाली मांडायचं, तेजलच्या नावाचं. कुणी कधी हरकत घेतली नाही. आईच्या जिवाला कोण काय बोलणार? दुपारी ताट चाटूनपुसून साफ झालेलं असे. वाडीत कावळे-कुत्र्यांना काय तोटा?

दिवाळीनंतर अल्पेशच्या बापाला शहाडकडे काम लागलं आणि ते बिऱ्हाड हललं. दाखला न नेताच. म्हणजे कागदावर वीस आणि वर्गात एकोणीस. त्यात निरोप आला, गुरुवारी साहेब पट मोजायला येणार. वीसच्या खाली एक जरी कमी भरलं तरी शाळा बंद करून पोरं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालणार, अशी बोलवा होती. त्या रस्त्यावरून कारखान्यांचे टँकर दिवसभर धावत. भाविकाची आई तर तोंडावरच म्हणाली होती, "बाई, मग पोरीला घरीच ठेवीन मी. शिकून कोणाचं भलं झालंय?"

चैत्रालीने अल्पेशच्या बापाला फोन लावला. "बाई, सुट्टी नाय भेटत. कसा आणू?" तो म्हणाला. बिचाऱ्याचंही खरं होतं.

मग बुधवारी शाळा सुटताना तिने भाविकाला थांबवून घेतलं. भाविका तिसरीत. अल्पेशच्या रिकाम्या जागेला लागूनच बसायची.

"उद्या साहेब अल्पेशचं नाव घेतील. तू खाली मान घालून 'हजर' म्हणायचं. जरा जाड आवाजात."

"पण बाई, अल्पेश तर शहाडला गेलाय."

"माहितीय. डोकी मोजायला लागले तर मी सांगेन, एक पोर लघवीला गेलंय. तू फक्त तेवढं म्हण. आणि कुणाला सांगायचं नाही."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि चैत्रालीने भाविकाच्या खांद्यावरचा हात झटकन काढून घेतला. हे शब्द तिचे नव्हते. यशोधराबाईंचे होते. याच दारात, असंच खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या.

यशोधराबाई वाईट नव्हत्या. पोरांच्या डोक्यातल्या उवा काढणाऱ्या, स्वतःच्या डब्यातली पोळी मोडून देणाऱ्या बाई. चैत्राली दुसरीत होती, त्या वर्षीही असेच साहेब आले होते आणि तेजलची जागा रिकामी होती. साहेबांनी नाव पुकारलं, "तेजल कोंडाजी भोईर!" बाईंनी चैत्रालीकडे पाहून नुसती मान हलवली. तेजल आपलं नाव आलं की घोगऱ्या आवाजात लांबण लावायची. चैत्रालीने हुबेहूब तसंच म्हटलं, "हजऽऽर, बाई!" साहेबांनी खूण केली. बाई हसल्या. आपण काय झकास नक्कल केली, म्हणून चैत्राली दिवसभर खुशीत होती.

तेजल त्या सकाळी खदानीच्या पाण्यावर बगळे बघायला गेली होती. संध्याकाळी राजाबाई रडत शाळेच्या दारात आल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, "हजर होती हो. हजेरीत आहे." मग लोकांनी शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता पिंजून काढला, विहिरी पाहिल्या, टँकरवाल्यांना अडवलं. खदान पडली उलट्या दिशेला. तिकडे कुणी गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेले. रात्रभर ती कपारीला धरून जिवंत होती, असं माणसं हळू आवाजात बोलत. खरंखोटं देव जाणे.

यशोधराबाई गेल्या वर्षी वारल्या. वर्गातल्या बाकीच्या पोरांना तेव्हा कुणी विचारलंच नाही, ती विसरूनही गेली. आता हे जाणणारी जगात एकटी चैत्राली उरली होती.

गुरुवारी साडेदहाला साहेब आले. पन्नाशीचे, थकलेले, घाम पुसत आलेले. चहा नको म्हणाले. पोरं दोन रांगांत बस्करावर बसली होती. मागे राजाबाईंच्या चुलीवर मोहरी तडतडत होती. साहेबांनी हजेरी हातात घेतली.

एकेक नाव, एकेक "हजर". पोरांनी आवाज अगदी तालात लावला होता. चैत्राली फळ्यापाशी उभी राहून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"अल्पेश..."

भाविकाने मान खाली घातली. तोंड उघडलं.

"हजऽऽर, बाई!"

भाविकाचं तोंड उघडंच राहिलं. ती आवाज काढायच्या आतच तो आला होता. खिडकीखालून. घोगरा, लांबण लावलेला, आणि त्या लांबणीच्या शेवटी दाबून धरलेलं एवढंसं हसू.

साहेबांनी वर न बघता खूण केली.

स्वयंपाकघरात पळी खाली पडली.

साहेब उठले आणि पेनाच्या टोकाने डोकी मोजू लागले. चैत्राली मनात त्यांच्याबरोबर मोजत होती. सतरा, अठरा, एकोणीस. पेन खिडकीखालच्या रिकाम्या बस्करावर क्षणभर थांबलं.

"वीस," साहेब म्हणाले. सही केली. "छान ठेवलीय शाळा, मॅडम. काळजी करू नका."

गाडी गेली. पोरं ओरडत बाहेर पळाली. भाविका तेवढी मागे रेंगाळली. "बाई, मी नाही बोलले," ती पुटपुटली आणि तीही गेली.

दारात राजाबाई उभ्या होत्या. दोन्ही हात छातीशी, डोळ्यांना धार.

"ऐकलंस ना गो चैतू? तूपण ऐकलंस ना?"

"मावशी..."

"माझी तेजल. त्या दिवशी डबा विसरली म्हणून मी कुंपणापाशी आलेले, तवा ऐकलेला हा आवाज. म्हटलं, पोर पोचली, बसली वर्गात, सुट्टीत घेईल. डबा कुंपणाला अडकवला. नि गेले तशीच कामावर. नायतर शोधलीच असती ना मी तिला? त्याच्यावर जगले गो मी बावीस वरसं. शेवटचा आवाज तरी ऐकायला भेटला लेकीचा."

कुंपणापाशी त्या होत्या, हे चैत्रालीला आजवर माहीत नव्हतं. सांगून टाकावं, पायावर डोकं ठेवावं, असं जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण म्हातारीच्या तोंडावर असं ऊन पडल्यासारखं झालं होतं की तिची छाती झाली नाही. एवढंच तर होतं त्या बाईपाशी. तेही काढून घ्यायचं?

राजाबाईंनी पंगत मांडली. पडवीत एकोणीस ताटं आणि आत खिडकीखाली विसावं. त्यात आज त्यांनी पातेल्याच्या तळातून शोधशोधून डावभर वाटाणे घातले. "खा गो बाय, पोटभर खा," म्हणाल्या आणि पोरांना वाढायला पडवीत गेल्या.

चैत्रालीने स्वतःचं ताट घेतलंच नाही. ती फळ्याकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिली. खोलीत कुणी नव्हतं. पाठीमागे मध्येच ताट फरशीवर घासल्याचा बारीक आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही.

पोरं हात धुवायला गेली. राजाबाई हसत आत आल्या, पदराने तोंड पुसत खिडकीखाली वाकल्या आणि तशाच थांबल्या.



मग ताट दोन्ही हातांनी उचलून त्यांनी चैत्रालीपुढे टेबलावर ठेवलं.

खिचडी संपली होती. वाटाणे सगळे होते. ताटाच्या कडेला, एकाला एक चिकटून, गोल.

"माझी तेजल वाटाणे टाकत नव्हती," राजाबाई म्हणाल्या. आवाजात आता ओल नव्हती. त्या ताटाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर करून चैत्रालीकडे पाहिलं.

"चैतू, त्या दिवशी 'हजर' कोण बोललं गो?"

चैत्रालीचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"मी," खिडकीखालून आवाज आला. या खेपेला त्यात तेजलची नक्कल नव्हती; तो दुसरीतल्या चैत्रालीचा स्वतःचा आवाज होता.