रेवाचं उष्टावण

कैलासने दम लागेस्तोवर फुंकणीत फुंकलं, आणि दिवा पुन्हा लालच लागला.

"च्यायला ह्या फुंकणीच्या!" तो करवादला. "तिसऱ्यांदा! तीन वेळा ते कडूजहर औषध घेतलं, अकरा किलो उतरलो, आणि ही बया लालच!"

त्याची धाकटी बहीण मंजिरी कडेवर रेवाला घेऊन आली आणि उंबऱ्याच्या आतच थांबली. "दादा, महिन्यावर उष्टावण आलंय. ह्यांना ते औषध सोसलं नाही, अंगावर पाजतेय म्हणून मला घेता येत नाही. तूही लाल राहिलास, तर पाच वर्षं तिला यंत्राचाच चमचा. माणसाच्या हातचा घास नाहीच." तिचे डोळे भरून आले.

हे लाल-हिरवं प्रकरण शमकामुळे उपटलं होतं. शमक म्हणजे पोटात वस्तीला राहणारं जिवंत औषध. प्रयोगशाळेत घडवलेला हा जिवाणू जठरातलं आम्ल वाढूच देत नसे. एक कॅप्सूल घेतली की पित्ताची कटकट जन्माची मिटली! नाशिकच्या आपल्या मिसळीच्या दुकानात कैलासने गल्ल्यावरच बरणी ठेवली होती. तर्री हवी तेवढी घ्या, जाताना गोळी घ्या. "माझ्याकडून कोणी छातीत जळजळ घेऊन जाणार नाही," असं तो ऐटीत सांगे.

पण आम्ल नुसतं अन्न पचवत नाही, ते राखणदारही असतं. पाण्यातून, हातातून आलेले जंतू तिथेच मरतात. आम्लाशिवाय मोठी माणसं निभावून नेतात, तान्ही पोरं नाही. त्यात शमक उष्ट्यातून पसरतो. परदेशात त्याच्या चाचण्या झाल्या, तिथे जो तो आपापल्या ताटात जेवत होता, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. दोन पावसाळ्यांत इथले बाळांचे वॉर्ड भरले, तेव्हा कायदा आला. पाच वर्षांखालच्या मुलाला भरवायचं, तर आधी श्वास तपासणाऱ्या नळीत फुंकायचं. तिला लोक फुंकणी म्हणू लागले. पोटात शमक असला की दिवा लाल, नसला की हिरवा, आणि त्याला मारायचं तर ते कडूजहर औषध.

"शमक मरतोय, पण कोणीतरी तुम्हाला परत देतंय," दवाखान्यात कैलास आहेरचे कागद बघत डॉ. लीना बर्वे म्हणाल्या. "रश्श्याची चव कशी बघता?"

"तळहातावर घेऊन. पळी तोंडाला लावायला मी काय अडाणी आहे?"

"आणि घरी?"

"घरी काय, मी आणि बायको एका ताटात जेवतो. लग्न झाल्यापासून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो आहेर, हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" कैलास उखडला. पण त्या दिवसापासून त्याचं ताट वेगळं झालं. बायको चार दिवस बोलली नाही. चौथं औषध पोटात गेलं. मिसळवाला ताकभातावर आला, तरी जेवल्यावर छातीत वणवा पेटायचा.

उष्टावणाच्या सकाळी त्याने फुंकलं. हिरवा! "मंजे, बघ गं!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारचे बाहेर आले. त्याने स्वतः खीर केली, बोटातली सोन्याची अंगठी धुऊन वाटीत ठेवली आणि रेवाला मांडीवर घेतलं.

डॉक्टरांनाही बोलावणं होतं. "नोंदीपुरता बाळाचा श्वास तपासू," म्हणत त्यांनी रेवाच्या नाकापाशी छोटी नळी धरली.

दिवा लाल लागला.

"नळी बिघडलीय," कैलास म्हणाला. डॉक्टरांनी दुसरी लावली. तीही लाल.

"काय दिलंत हिला?" त्यांनी मंजिरीला विचारलं.

"माझं दूध. दुसरं काही नाही, शप्पथ! पाण्याचा थेंब नाही. फक्त रोजची घुटी."

"ती कशी देता?"

"सहाणेवर उगाळायची, दुधात कालवायची, चमच्याने पाजायची. वेखंड जास्त झालं की तोंड वाकडं करते, म्हणून आधी मी जिभेवर..." ती थांबली. "पण घुटी म्हणजे काय खाणं आहे का, डॉक्टर?"

कैलासला तिचे दिवस भरत आले होते ते आठवलं. घशाशी आंबट पाणी येऊन ती रडकुंडीला यायची. बरणीतली गोळी त्यानेच नेऊन दिली होती. "घे, मंजे. भाऊ कशाला आहे?"

"औषध द्या तिला," तो म्हणाला. "मी चारदा घेतलं ना!"

"पाच वर्षांच्या आत ते देता येत नाही. तोवर हिला खाणं फक्त बंद पाकिटातलं, निर्जंतुक केलेलं."

"मग भरवायचं कोणी?"

"कोणीही भरवा. आता तुम्ही हिरवे काय नि लाल काय, तिला सारखंच." डॉक्टरांनी खिरीची वाटी हलकेच बाजूला सरकवली. "ही मात्र नको. भांडं, हात, माशी, कशाकशावर भरवसा ठेवणार? अंगठीही नको."

पाकीट आलं. कैलासने ते फोडलं आणि त्यातल्याच चमच्याने पहिला घास भरवला. रेवाने मिटक्या मारल्या आणि आणखी मागत त्याचं बोट धरलं. तो घाईने बोट सोडवून घेऊ लागला.

सगळे उठल्यावर त्याने आपली खीर एकट्याने संपवली. थोड्या वेळाने तो छाती चोळू लागला. मंजिरी कपाटातून शमकाची जुनी बरणी घेऊन आली.

"दादा, जळतंय ना? आता कशाला सोसतोस? घे एक."

"ठेव ती," तो म्हणाला. "जळू दे."