पाहुण्यानं दार उघडू नये

विषय : मोन्सारिल या ऐतिहासिक गावातील, तटालगतच्या गल्लीतली एक भिंत फोडण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : श्री. आनिसेतो काल्देरा, निवृत्त शिंपी, राहणार बेजा, यांचा अर्ज.

अर्जात हकीकत चार ओळींत उरकली आहे, कारण छापील कागदावर तेवढीच जागा होती. खरी हकीकत अशी.

बेजाच्या पेन्शनरांची बस दर उन्हाळ्यात जुनी गावं बघायला निघते. गावं हे निमित्त, मुख्य कार्यक्रम जेवणाचा. मोन्सारिलचा किल्ला मंडळींनी घाईघाईनं पाहिला आणि मेंढीच्या रश्श्यावर सावकाश ताव मारला. मग सगळे चर्चच्या सावलीत पेंगू लागले. आनिसेतोही लवंडणार होता, पण बायकोनं, फेलिस्मिनानं, बाही ओढली.

"चल, गल्ल्या बघू."

"आपल्याकडे गल्ल्या नाहीत?"

"आहेत की. पण त्या मला झाडाव्या लागतात."

भर दुपार होती. चुन्यानं पांढऱ्याफेक भिंतींवरून ऊन डोळ्यांत घुसत होतं. खिडक्या बंद, कुत्रंही रस्त्यावर नाही. आपल्याच बुटांचा आवाज आपल्या मागून येतोय असं आनिसेतोला वाटत होतं. तटाखालच्या गल्लीत एकच दार सताड उघडं होतं. आत गारवा, अंधार, आणि काळ्या कपड्यांतली एक म्हातारी.

"येऊ का, मावशी?" फेलिस्मिनानं उंबऱ्यावरूनच विचारलं.

"या की. बसा. केवढं ऊन हे!"

मातीच्या सुरईतलं पाणी दातांना झोंबेल इतकं थंड होतं. ओल्या दगडाचा वास येत होता. म्हातारीनं माहेर विचारलं, मुलं विचारली, गुडघे विचारले. फेलिस्मिना खुशीत आली. इतक्या आपुलकीनं तिला बऱ्याच वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं.

बसचा भोंगा वाजला. डोंगराच्या पोटातून यावा तसा, दबका.

आनिसेतो उठला आणि थबकला. दार बंद होतं. ते कुणी, कधी लावलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

आता, त्या मुलखात पाहुण्यानं निघताना दार स्वतः उघडायचं नसतं. यजमानानं उघडून द्यायचं, नाहीतर पाहुणा त्या घरी परत येत नाही म्हणतात. त्यामुळे दोघं उभे राहिले. म्हातारी उठेना.

"मावशी, निघतो आम्ही..."

"उघडते हं. किल्ली कुठं ठेवली मेली..."

दाराला साधी लोखंडी कडी होती. किल्लीसाठी भोकच नव्हतं. पुन्हा भोंगा वाजला. आनिसेतोनं कडीला हात घातला.

"आनिसेतो! लोकांच्या घरात? आईनं हेच शिकवलं तुला?"

"बस गेली की आई येणाराय न्यायला?"

त्यानं कडी काढली, बाहेर पाऊल टाकलं आणि "चल!" म्हणत वळला.

समोर भिंत होती. चुन्याच्या वर्षानुवर्षांच्या थरांनी फुगलेली, सलग, पांढरी. फट नाही, उंबरा नाही. तो मुठींनी बडवू लागला.

"अरे, दार काय बडवतोस?" आतून फेलिस्मिना म्हणाली. "उघडताहेत ना त्या."

"कडी काढ! तू काढ कडी!"

"मी कशी काढू?... पाहुणी आहे मी."

बसवाला एर्मिनियो शोधत आला. त्यानं भिंतीला कान लावला, छातीवर क्रूस काढला, आणि पोलिसांना मात्र 'मला काही ऐकू आलं नाही' असं सांगितलं. गावकरी म्हणाले, त्या घराचा वंश पणजोबांच्या काळातच बुडाला, तेव्हाच दगड भरून दार बुजवलं. पोलिसांनी हातोडीनं ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला.

आनिसेतो आता मोन्सारिललाच खोली घेऊन राहतो आणि दुपारभर भिंतीशी बसतो. सुरुवातीला फेलिस्मिना त्यालाच दटावायची. मग म्हणाली, "कडी सापडत नाही रे... हात लावते तिथं दगडच लागतो." शेवटी फक्त इतकंच, अगदी भिंतीला ओठ लावून बोलल्यासारखं : "मला ने... हळू बोल... त्या उठल्यात."

गाव ऐतिहासिक असल्यानं भिंतीत खिळासुद्धा मारायला परवानगी लागते. परवानगीला घरमालकाची लेखी संमती लागते.

"मालकीण मरून शंभर वर्षं झाली असतील!" आनिसेतो कचेरीत ओरडला.

"मग वारस आणा," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "माझ्यावर कशाला ओरडता?"

गेल्या आठवड्यात त्याच बाईंनी त्याला बोलावून घेतलं. काम झाल्याच्या आनंदात होत्या.

"अहो, तुमच्या मालकीणबाई येऊन गेल्या! केवढ्या गोड! गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं मला."

आनिसेतोनं खिडकीची कड धरली. "संमती... दिली?"

"भिंत फोडायची गरजच नाही म्हणाल्या. तुम्ही दुपारी या. दार त्या स्वतः उघडणार आहेत."

आनिसेतोनं अजून काही कळवलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.